हलव्यावरचं जाकीट

संक्रांतीचा हलवा करावा तर पद्मावतीबाईंनीच, असं कॉलनीतल्या बायका म्हणत. ज्या तोंडानं म्हणत नसत त्यांनाही मनातून ते ठाऊक होतं. बेळगावचं बिऱ्हाड मोडून मुलाच्या नोकरीपाठोपाठ त्या बंगळूरला आल्या, तेव्हा निम्मी भांडीकुंडी त्यांनी वाटून टाकली, पण हलव्याची जाड बुडाची परात मात्र मांडीवर घेऊन आगगाडीत बसल्या. पौषात सकाळची कामं उरकली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरायची, परातीत खसखस नि तीळ घ्यायचे, वर पाकाचा थेंब टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की गोळा होतो, चेंगटपणा केला की करपतं. बोटांच्या टोकांना फोड येत. पण आठवड्याभरात एकेका दाण्यावर असे काटे उभे राहत की बघणाऱ्यानं हात आखडून घ्यावा. "ह्या गावात दुसरं काही नसेना का, थंडी हलव्याला मानवते बघ," असं त्या म्हणत. बंगळूरची त्यांनी केलेली स्तुती एवढीच.

यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. हळदीकुंकवाला आपण पुढं यायचं नाही, कुणाची ओटी भरायची नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. त्या आपण होऊनच स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहत. हलवा मात्र बाहेर जाई. कुणाच्या सुनेचा पहिला सण असो, कुणाच्या नातवाचं बोरन्हाण असो, गळ्यात हार यांच्याच हातचा. विधवेच्या कपाळाला कुंकू चालत नाही, हाताची साखर चालते, असा तो न्याय. त्यावर त्यांनी कधी कुरकुर केली नाही. दाराच्या फटीतून आपला हार कुणाच्या गळ्यात कसा शोभतो ते बघत आणि पुन्हा चुलीपाशी येऊन बसत.

आता त्यांच्याच घरात सून आली होती. प्रतिमा पुण्याची, बी.ए. झालेली, बोलायला गोड आणि जरा हसरी. बासष्ट सालची संक्रांत तिची पहिली. पद्मावतीबाईंनी महिनाभर आधीच कंबर कसली. हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, बिंदी, इतकंच काय, पैंजणसुद्धा हलव्याचे. पुठ्ठ्यावर आणि दोऱ्यावर एकेक दाणा बसवताना त्यांचे डोळे दुखले, पण त्यांनी सुनेला हात लावू दिला नाही. "तू नुसती घालून मिरव की गं. बाकी मी बघते," असं म्हणून त्या तिला हाकलून लावत.

मुलगा उमाकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. त्याचं खूळ वेगळंच. परदेशी मशीन ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या मिळवून त्यानं आणि तीन मित्रांनी एक होडी केली होती. रविवारी ती येलहंक्याच्या तळ्यात चाले. होडीपेक्षा त्याचा जीव दोन जाकिटांवर जास्त होता. गुजरी बाजारात लष्कराचा जुना माल विकत, तिथून त्यानं ही खाकी, फुगीर जाकिटं आणली, उसवली, आतला कुजका भरणा फेकून दिला आणि नव्यानं सावरीचा कापूस भरून स्वतः टाके घातले. तळ्यात दगड बांधून ती तरतात का ते पाहिलं. दोनच जाकिटं, म्हणून होडीत दोनच माणसं, आणि जाकीट घातल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवायचा नाही. साहेब आला तरी नाही. सांगलीला शिकत असताना त्याचा पट्टीचा पोहणारा मित्र कृष्णेत त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता. "पोहता येतं का नाही, हे पाणी विचारत नाही," एवढंच तो त्यावर बोले.

कॉलनीत त्याची थट्टा होई. होडीत बसायचं म्हणजे गादी पांघरून बसायचं, असं लोक म्हणत. खुद्द पद्मावतीबाईही म्हणत.

"आई, तू तुझ्या स्वयंपाकघरात मला पारोशानं येऊ देतेस का?" एकदा उमाकांतनं विचारलं होतं.

"बरा येऊ देईन. सोवळं आहे ते माझं."

"मग जाकीट हे माझं सोवळं. तुझं मी कधी मोडलं नाही. माझं तू मोडू नकोस."

हे मात्र खरं होतं. कारखान्यातून कितीही भुकेला आला तरी आंघोळ केल्याशिवाय त्यानं कधी त्यांच्या चुलीकडं पाऊल टाकलं नाही. जाकीट बांधायची त्याची एक रीत होती. छातीवरचे बंद ओढत ओढत जायचं आणि समोरचा "आवळतंय" म्हणाला की मगच गाठ मारायची. कुणी मुकाट उभा राहिला तर तो म्हणे, "हा अजून बोलत नाही, म्हणजे ढिलं आहे."

त्या वर्षी जिकडंतिकडं अष्टग्रहीचं भय होतं. पुढच्या महिन्यात आठ ग्रह मकर राशीत गोळा होणार आणि जग बुडणार, असं म्हणत लोक होमहवनं करत होते. पद्मावतीबाईंनीही मल्लेश्वरात जाऊन मुलासुनेच्या नावानं शांत करून घेतली, अंगारा आणून दोघांच्या उशाखाली ठेवला. ग्रहांची त्यांना मनस्वी भीती. तळ्याची वाटली नाही. ते काय, रोजचं होतं.

संक्रांत रविवारी आली. सकाळी घरात हळदीकुंकू झालं. प्रतिमेनं काळी चंद्रकळा नेसली, वर पांढरेशुभ्र दागिने. शेजारच्या कानडी बायकांना सणाच्या दिवशी काळं नेसलेली नवरी बघून नवल वाटलं. एकीनं तर हळूच कानात विचारलं की असं चालतं का तुमच्यात. पण दागिने बघून त्याही गप्प झाल्या. पद्मावतीबाई दाराआड होत्या. समोर बायकांच्या पाठी, त्यात एक अंबाडा बांधलेली धिप्पाड बाई नेमकी फटीपुढं बसलेली. त्यांना सुनेचा एक हात दिसला, कधी बिंदीचं टोक दिसलं. महिनाभर बोटं भाजून केलेलं काम, आणि ते अख्ख्या गावानं पाहिलं, त्यांनी नाही.

दुपारी सगळी मंडळी तळ्यावर गेली. तिळगूळ, गुळाची पोळी, डबे असा थाट होता. कल्पना उमाकांतचीच, बायकोला पहिल्यांदा होडीत बसवायचं होतं. शेजारचा जयतीर्थ धारवाडचा, त्याच्याकडं कॅमेरा होता. तळ्याच्या बांधाला दगडी पायऱ्या होत्या, तिथं होडी लागली. उमाकांतनं स्वतःचं जाकीट घातलं, दुसरं प्रतिमेच्या अंगावर चढवलं आणि बंद ओढायला लागला.

"अरे, अरे! मोडेल ते!" पद्मावतीबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. "काय करायलायस? काटे झडतील सगळे. काढ ते आधी."

"आई, होडीत बसायचं तर—"

"माहीत आहे तुझं सोवळं. फोटोपुरतं काढ. फोटो झाला की घाल."

"एवढ्यानं काय होतंय रे, उम्या," बांधावरून जयतीर्थ म्हणाला. "गादी बांधून नवरीचा फोटो काढू काय? स्वल्प वेळाचं काम आहे."

उमाकांत हसला, पण त्यानं बंद सोडला नाही. मग पद्मावतीबाईंचा आवाज खाली आला. इतरांना ऐकू जाऊ नये एवढा.

"सकाळी मी दाराआड होते रे. मला काहीच दिसलं नाही. एकदा उजेडात बघू दे की मला."

याच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. चाललं असतं तर बरं झालं असतं. आईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि मुलगा चांगला होता, हेच नडलं. त्यानं एकदा प्रतिमेकडं बघितलं. तिनं मान खाली घातली, काही बोलली नाही. त्यानं गाठ सोडली, जाकीट आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "फक्त फोटो. काठालाच थांबतो आम्ही."

पद्मावतीबाईंनी ते जाकीट कडेवर मूल घ्यावं तसं काखेत धरलं आणि सुनेकडं बघितलं. उन्हात दागिने चमकत होते. काळ्या साडीवर एकेक काटा दिसत होता. आपल्या हातून असं काही झालं याचं त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. त्या क्षणी त्यांच्याइतकं सुखी बांधावर कुणी नव्हतं.

होडी काठाला असताना फोटोत पायऱ्या आणि डबे येत होते. जयतीर्थ म्हणाला, अजून थोडं मागं, माडांची रांग मागं येऊ दे. उमाकांतनं वल्हं मारलं. अजून थोडं. मग "सरी, सरी, बरोबर आहे, थांब!" असं जयतीर्थ ओरडला. प्रतिमेचा पदर वाऱ्यानं उडून वल्ह्याच्या खुंटीत अडकला होता. तो सोडवायला ती उठली. उमाकांत "बस, बस!" म्हणाला, ते सगळ्यांनी ऐकलं. होडी एका अंगाला झाली आणि ती तोल सावरायला त्याच अंगाला गेली.

पालथी होडी आणि तिच्या बाजूला उमाकांतचं डोकं, एवढंच आधी दिसलं. मग प्रतिमेचा हात दिसला. तिला पोहता येत नव्हतं. त्यानं तिला धरलं तशी ती त्याच्या खांद्यावर चढू लागली. बुडणारं माणूस चढतंच. दोघं खाली गेली, वर आली. मग बांधावरच्या माणसांनी बघितलं की उमाकांत पाण्यात आपल्या अंगावरचं जाकीट काढतो आहे. ते त्यानं तिच्या डोक्यातून घातलं. बंद बांधत होता. गाठ नीट बसेपर्यंत तो तिथंच होता.

आणि पद्मावतीबाईंच्या काखेत दुसरं जाकीट होतं.

ते आपल्याकडं आहे हे त्यांना कळलं तेव्हा त्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरल्या आणि त्यांनी ते सगळा जोर लावून फेकलं. हलवा करणाऱ्या बाईचा जोर तो. जाकीट पायऱ्यांपासून थोडंसं पुढं पडलं आणि तिथंच राहिलं. ते तरंगत होतं. फार चांगलं तरंगत होतं. कुणीतरी उडी मारून ते पुढं ढकलत नेईपर्यंत उमाकांत दिसेनासा झाला होता. त्या भागात पाण्याखाली वेलींचं जाळं होतं आणि त्याच्या पायांत बूट होते, सणाचे, नवे.

मासे धरणारे लोक आपली टोपलीसारखी गोल होडी घेऊन आले आणि त्यांनी प्रतिमेला ओढून घेतलं. ती शुद्धीवर होती. पायऱ्यांवर तिला निजवलं तेव्हा पद्मावतीबाईंनी तिचं जाकीट सोडलं. गाठ इतकी घट्ट होती की दातांनी सोडवावी लागली. आत गळ्याभोवती नुसता दोरा होता. मनगटावर दोरा, दंडावर दोरा, कमरेला भिजून लगदा झालेला पुठ्ठा. हलवा कुठंच नव्हता. साखरच ती, पाण्यात किती टिकणार?

उमाकांत संध्याकाळी सापडला.

लोक समजूत घालायला आले. ग्रहच असे आहेत, त्याला कोण काय करणार, असं सगळे म्हणाले. पद्मावतीबाई मान डोलावत. अष्टग्रही आली नि गेली. जग काही बुडालं नाही. ज्यांचं बुडायचं होतं त्यांचं आधीच बुडून झालं होतं. जयतीर्थानं तो फोटोचा रोल कधी धुतलाच नाही आणि वर्षाच्या आत बदली मागून घेतली. पुण्याहून प्रतिमेचे वडील तिला न्यायला आले, तर ती म्हणाली, "मी आईंपाशी राहते." कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला नोकरी मिळाली. सासू-सून एका घरात राहू लागल्या. भांडण नाही, अबोला नाही. एकीनं पोळ्या लाटायच्या, दुसरीनं भाजायच्या.

पण त्या दिवसाबद्दल प्रतिमा एक अक्षर बोलली नाही, आणि हेच पद्मावतीबाईंना खात होतं. पोरीनं एकदा तरी म्हणावं, "तुमच्यामुळं झालं." तोंडावर भांडी आपटावीत. तसं काही नाही. सकाळी चहाचा कप पुढं येई, त्यात साखर बरोब्बर घातलेली. पद्मावतीबाई तो कप घेत आणि त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. हलव्याची परात त्यांनी माळ्यावर टाकली. दुसरं जाकीट, त्यांच्या हातातलं, कपाटावर होतं. दर उन्हाळ्यात पापडांबरोबर त्या ते अंगणात उन्हाला ठेवत. का, ते प्रतिमेनं विचारलं नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. कॉलनीत नवी पोरं आली, तळ्यावर पुन्हा होड्या आल्या. त्रिविक्रम नावाचा एक तरुण इंजिनियर शेजारी राहायला आला. त्याची बायको नयना प्रतिमेबरोबर एक्स्चेंजमध्येच होती. सोलापूरची मुलगी, सासू तिकडं लांब, इथं वडीलधारं कुणी नाही. पौषात एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"काकू, माझी पहिली संक्रांत आहे. सगळ्या म्हणतात, तुमच्यासारखे दागिने कुणालाच येत नाहीत. मला कराल का?"

पद्मावतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "आता बोटं चालत नाहीत गं माझी," म्हणाल्या.

पोर हिरमुसली होऊन गेली. दार लागल्यावर प्रतिमा म्हणाली, "आई, करा की तिला."

"तू सांगतेस हे? तू?" पद्मावतीबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "त्या हलव्यापायी माझा पोरगा गेला. तुझं कपाळ पांढरं केलं मी. तो बांधत होता, मी सोडायला लावलं. तू लहान, नवी नवरी, सासूपुढं काय बोलणार? गप्प बसलीस. आणि अजून गप्पच आहेस. अगं, एकदा शिव्या तरी घाल मला!"

प्रतिमा खाली बसली. सांडलेले तांदूळ गोळा करू लागली. बराच वेळ ती गोळाच करत होती.

"मी तुम्हाला घाबरून गप्प नव्हते बसले," ती शेवटी म्हणाली. "ह्यांनी माझ्याकडं बघितलं होतं. मी नुसतं 'राहू दे अंगावर' म्हटलं असतं तर ह्यांनी जाकीट सोडलं नसतं. तुम्हालाही समजावलं असतं. पण मला नकोच होतं ते, आई. फोटोत मला छान दिसायचं होतं. तुम्ही म्हणालात, तेव्हा मला बरंच वाटलं." तिनं ओंजळीतले तांदूळ सुपात टाकले. "तुम्ही मला कधी बोलाल, म्हणून मी वाट बघत होते."

दोघी तांदळात बसून रडल्या. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं म्हणतात. तसं काही झालं नाही. उमाकांत गेला होता तो गेलाच होता, आणि आता दोन अपराधी एका घरात आहेत एवढंच नव्यानं कळलं. पण त्या दिवशीचा चहा पद्मावतीबाईंच्या घशाखाली उतरला. संध्याकाळी त्यांनी प्रतिमेला माळ्यावरून परात काढायला सांगितली.

दागिने झाले. बोटं खरंच पहिल्यासारखी चालत नव्हती, दाणे जरा लहानमोठे झाले, पण काटे तेच. या वेळी प्रतिमा शेजारी बसली आणि दोऱ्यात दाणे बांधत गेली. हळदीकुंकवाला दोघीही गेल्या नाहीत. दुपारी मात्र त्रिविक्रमचं मित्रमंडळ तळ्यावर निघालं आहे असं कानावर आलं, तशा पद्मावतीबाईंनी वहाणा पायांत घातल्या. त्या दिवसानंतर त्या तळ्याकडं फिरकल्या नव्हत्या.

पायऱ्या त्याच होत्या. माडही तेच. नयना काळी साडी नेसून होडीपाशी उभी होती आणि त्रिविक्रमच्या हातात दोन जाकिटं होती, नवी, नारिंगी रंगाची.

"आधी एक फोटो होऊ दे हं," नयना त्याला म्हणत होती. "मग घालते. आत्ता घातलं तर काकूंनी केलेलं सगळं मोडेल."

"इकडं आण ते," मागून पद्मावतीबाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच्या हातातलं जाकीट घेतलं आणि पोरीच्या डोक्यातून घातलं. बंद ओढला. नयना अवघडून उभी होती. म्हातारीची ओढ कमी होत नव्हती.

"काकू, हार..."

"मोडू दे. हलवा मी परत करीन."

त्यांनी पुन्हा ओढला. नयना गप्प होती. पोर अजून बोलत नाही, म्हणजे ढिलं आहे.

"काकू, आवळतंय," नयना म्हणाली.

जाकिटाच्या आत हलव्याचे काटे करकर मोडत असलेले पद्मावतीबाईंना ऐकू आले. त्यांनी गाठ मारली.